सीवर लाइनीत सोडलेला धूर

राजधानी घोषणेनं होते, नाली घोषणेनं होत नाही. रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं तेव्हा आमच्या नगर निगमच्या ऑफिसात पेढे वाटले, फाटकावर नवा बोर्ड लागला, आणि त्याच बोर्डाखालून जुनी उघडी नाली आपल्या जुन्या चालीनं वाहत राहिली. सगळे बोर्डाकडे बघत होते. मी पेढा हातात धरून नालीकडे बघत होते, कारण ती माझ्या खात्याची होती.

मी निगममध्ये सब-इंजिनिअर होते. वडील वर्ध्याकडून रेल्वेच्या नोकरीत इकडे आले आणि आम्ही इथलेच झालो. घरात नागपुरी मराठी, बाजारात हिंदी, कामावर अर्धी छत्तीसगढी, असं आयुष्य गेलं. माझी मुलगी मराठी समजते, पण उत्तर हिंदीत देते. आई काय करते म्हणून मैत्रिणींना काय सांगतेस, असं तिला एकदा विचारलं तर म्हणाली, "बोल देती हूँ, पानी का काम देखती हैं." खोटं नव्हतं. फक्त कोणतं पाणी ते तिनं सांगितलं नव्हतं.

आमचं काम देखरेखीचं. खड्डा ठेकेदाराची माणसं खणतात, पाइप तीच टाकतात, आम्ही बघतो. बघणं म्हणजे छत्री धरून उभं राहणं असं पुष्कळांना वाटतं. खरं तर सीवरमध्ये जे बघायचं ते एकदा माती पडली की दिसतच नाही, म्हणून माती पडण्याआधी बघावं लागतं. पाइपाला ढाळ आहे का, हे मुख्य. सांडपाणी पाइपातून आपल्या आपण चालतं, त्याला कोणी ढकलत नाही. ढाळ कमी पडला तर मैला मध्येच बसतो. म्हणून दोन चेंबरच्या मध्ये एका टोकाला आरसा धरायचा, दुसऱ्या टोकाला टॉर्च, आणि पाइपाच्या आत अख्खा गोल उजेड दिसतो का ते पाहायचं. उजेडाची चंद्रकोर दिसली की पाइप कुठंतरी वाकलाय. मग ठेकेदाराच्या सुपरवायझरशी भांडायचं आणि तो तुकडा उकरायला लावायचा. मी पुष्कळ चंद्रकोरी उकरायला लावल्या. ठेकेदाराच्या माणसांत माझं नाव 'आईनावाली मॅडम' असं पडलं होतं.

दुसरी गोष्ट सामान्य माणसाला कोणी सांगत नाही, आणि माझी सगळी हकीकत तिच्यावरच उभी आहे. सीवरचा पाइप हा घरातल्या पाण्यासाठी असतो: न्हाणीचं, मोरीचं, संडासाचं. पावसाचं पाणी त्यात सोडायचं नसतं. एका गच्चीवर जोराचा पाऊस पडला तर तासाभरात जेवढं पाणी येतं, तेवढं अख्ख्या गल्लीच्या आंघोळींचं होत नाही. ते पाणी सीवरमध्ये शिरलं की पाइप भरतो, आणि भरलेला पाइप जिथं सगळ्यात खालचं घर आहे त्याच्या मोरीतून उलटा वर येतो. गच्ची वरच्याची, घाण खालच्याच्या घरात.

तेव्हा शहरभर उघड्या नाल्या आणि घरोघरी सेप्टिक टँक होते. जुन्या वस्तीत एका पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, आधी सीवर टाकून बघायचं ठरलं आणि देखरेख माझ्याकडे आली. पाऱ्याचं नाव लिहीत नाही. ब्राह्मणपाऱ्याच्या अंगाला आहे एवढं पुरे. माणसं अजून तिथंच राहतात आणि त्यातली काही दिवाळी अंक वाचतात. वरचं टोक मंदिरापाशी, खालचं टोक तलावाकडे, मध्ये एक स्कूटर आणि एक गाय समोरासमोर आली तर एकानं मागं जावं लागेल एवढी गल्ली.

आणि त्या गल्लीच्या वरच्या टोकाला माझे दिवाकरमामा राहत होते.

मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. रेल्वेच्या ऑफिसातून मोठे बाबू म्हणून रिटायर झालेले, उंच, खणखणीत आवाजाचे, कुणाच्याही कामात स्वतःहून पडणारे. माझ्या डिप्लोम्याच्या वेळी वडील ड्यूटीवर होते, म्हणून मामांनी मला स्कूटरवर पॉलिटेक्निकला नेलं होतं. सिव्हिलचा फॉर्म भरताना तिथला क्लार्क म्हणाला की मुलीला दुसरं काही द्या, धुळीत उभं राहावं लागतं. मामांनी त्याला विचारलं, की धूळ काय पोरगा-पोरगी बघून उडते? त्या एका प्रश्नावर माझी नोकरी उभी राहिली असं मी मानते.

सीवरचं काम सुरू होणार म्हटल्यावर पाऱ्यात कुरबुर झाली. दारापुढच्या पायऱ्या तुटणार, लग्नसराई होती, शिवाय पुष्कळांना वाटायचं की संडास घराच्या बाहेर पाइपानं जोडला की वास उलटा घरात येईल. मी सभा घेतली तर चार माणसं आली आणि त्यातले दोघे चुकून. मग मामांनी काम हाती घेतलं. रोज संध्याकाळी पायजमा-सदरा घालून ते घरोघर जायचे, ओट्यावर बसायचे आणि सीवर म्हणजे काय ते माझ्यापेक्षा चांगलं समजावून द्यायचे. "माही भाची हाये इंजिनिअर. ते खोटं काहून सांगन?" हे त्यांचं शेवटचं वाक्य असायचं. उन्हाळा संपायच्या आत लाइन पडली, जवळजवळ सगळ्या घरांनी जोडणी घेतली. मी आमच्या साहेबांना अभिमानानं सांगितलं की एकाही घरावर जबरदस्ती करावी लागली नाही.

पावसाळा लागला. साध्या पावसात काही झालं नाही. मग एका सकाळी आभाळ फुटल्यासारखा पडला, आणि ऑफिसात पोचते न पोचते तोच आमचे सफाई दरोगा मनराखन सायकल टाकून आत आले. दरोगा म्हणजे वॉर्डातल्या सफाई कामगारांचे मुकादम. मनराखन वयानं माझ्याहून मोठे, अंगानं बारीक, आणि वाईट बातमी नेहमी एखाद्या चांगल्या शब्दानं सुरू करणारे. म्हणाले, "मॅडम, बाकी सब बने हे, फेर तलाव तीर के घर मन म पानी भर गे." बाकी सगळं ठीक आहे, फक्त तलावाकडच्या घरांत पाणी भरलंय.

सगळ्यात खालचं घर दुलारीबाईंचं होतं. एक खोली, एक पडवी, मागं मोरी. बाई एकट्या. उन्हाळाभर बडी म्हणजे सांडगे, उडीद-तिळाची बिजौरी, पापड करून वाळवायच्या आणि पावसाळ्यात गोल बाजारात दुकानांना विकायच्या, त्यावर त्यांचं वर्ष निघायचं. मी पोचले तेव्हा मोरीतून काळं पाणी बुडबुडत वर येत होतं आणि खोलीत घोट्यापर्यंत साचलं होतं. बिजौरीची पोती जमिनीवर होती. उडदाचा आणि तिळाचा वास त्या घाणीच्या वासात मिसळलेला, तो मला आजही सांगता येत नाही आणि विसरताही येत नाही. दुलारीबाई पलंगावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. रडत नव्हत्या. मला बघून एवढंच म्हणाल्या, "नोनी, पहिली नाली म जात रहिस, त बाहिर तो रहिस." पोरी, आधी नालीत जात होतं, तर निदान बाहेर तरी होतं.

मी बाहेर चेंबरकडे गेले.

चेंबरचं झाकण उघडलं तर पाणी काठोकाठ. ठेकेदाराचा सुपरवायझर म्हणाला की कचरा अडकला असणार, एक माणूस आत उतरवतो, पाच मिनिटांत मोकळं होईल. मी नाही म्हणाले. भरलेल्या चेंबरमध्ये काय वायू साठलेला असतो ते वरून कळत नाही, आणि कळतं तेव्हा माणूस वर येत नाही. मनराखन म्हणाले की मग ते स्वतः उतरतात, तरुणपणी शेकडो वेळा उतरलेत. मी त्यांनाही नाही म्हणाले. ते चिडले, कारण लोक भोवती जमून शिव्या देत होते आणि ते त्यांच्या वॉर्डातले लोक होते. शेवटी मी चेंबरशेजारी खुर्ची टाकून बसले. यंत्राची गाडी दुपारी आली, तोवर पाऊसही थांबला होता आणि पाणी आपोआप उतरलं. गाडीनं ओढून काढलं तर त्यात कचरा नव्हताच. नुसतं पाणी. बऱ्यापैकी स्वच्छ पाणी.

त्यानंतरच्या दोन्ही मोठ्या पावसांत तेच झालं. पाऱ्यातले लोक मोर्चा घेऊन निगमवर आले आणि त्यांच्या पुढं दिवाकरमामा होते. त्यांचं म्हणणं, ठेकेदारानं ढाळ खाल्ला, पाइप उथळ टाकला, भाचीला फसवलं. साहेबांसमोर ते असे तडफेनं बोलले की मलाही क्षणभर पटलं. साहेबांनी ठरवलं, लाइन उकरून पुन्हा टाकायची. म्हणजे भर पावसाळ्यात ती अरुंद गल्ली पुन्हा फोडायची, नव्यानं बांधलेल्या पायऱ्या पुन्हा तोडायच्या, आणि पुढचे कित्येक महिने लोकांनी फळ्यांवरून घरात जायचं. साहेबांनी मला विचारलं, "आपको कुछ कहना है?"

मी म्हणाले की ढाळ मी स्वतः तपासलाय, अख्खा गोल उजेड बघितलाय. एक चाचणी करू द्या, मग उकरा.

ती चाचणी मी नागपूरला एका प्रशिक्षणात पाहिली होती. एका चेंबरवर मोठा पंखा बसवायचा आणि लाइनीत धूर सोडायचा. त्यासाठी बिनविषारी धुराच्या कांड्या मिळतात. पाइप ज्या ज्या ठिकाणी जोडलेला आहे, त्या त्या ठिकाणून धूर बाहेर येतो. प्रत्येक घराला सीवरची हवा बाहेर सोडणारा एक उभा पाइप असतो, त्यातून धूर निघालाच पाहिजे. मोरीतून निघता कामा नये, कारण मोरीच्या जाळीखाली पाइपाला एक वाक असतो आणि त्यात पाणी भरलेलं असतं. आणि गच्चीच्या पन्हाळीतून तर अजिबात निघता कामा नये. निघालाच, तर गच्चीचं पाणी सीवरमध्ये जातंय.

आदल्या दिवशी मनराखन रिक्षावर भोंगा लावून गल्लीभर फिरले. "धुंआ निकलही त डर्राहू झन. कहूं आगी नइ लगे हे." घाबरू नका, कुठं आग लागलेली नाही. उत्साहात त्यांनी स्वतःची भर घातली, की या धुरानं मच्छरही मरतील. ते खोटं होतं, पण त्यामुळे लोक खूश झाले आणि मी गप्प बसले.

चाचणीच्या दिवशी लख्ख ऊन होतं. मी मंदिरासमोरच्या एका तीन मजली घराच्या गच्चीवर उभी राहिले. तिथून सगळ्या गच्च्या दिसायच्या. समोरच्या गच्चीवर मामा होते, टोपी घालून, कमरेवर हात ठेवून. मामींनी मिरच्या वाळत घातल्या होत्या त्यांच्या शेजारी. मामांनी मला हात केला. खाली पंखा घरघरायला लागला.

आधी उभ्या पाइपांतून धूर आला, एकामागून एक, जशी घरं जागी होत जावीत तशी. लोक गच्चीवरून टाळ्या वाजवायला लागले. मग खाली गोंधळ झाला. न्हाव्याच्या दुकानातल्या मोरीचा वाक कोरडा पडला होता, तिथून धूर निघाला, आणि अर्धी दाढी झालेले एक गृहस्थ गळ्याला टॉवेल बांधून रस्त्यावर आले. मनराखननी त्यांना धरून समजावलं. सगळे हसत होते, मीही हसत होते, आणि हसताहसताच मी समोर पाहिलं.

मामांच्या पायापाशी, गच्चीच्या कोपऱ्यात जिथं पावसाचं पाणी जायची जाळी होती, तिथून धूर निघत होता. पातळ नव्हे. दाट, पांढरा, फुगत जाणारा. तो मिरच्यांवरून पसरला आणि मामांच्या गुडघ्यापर्यंत आला. मामांनी खाली बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग त्यांच्या शेजारच्या गच्चीतून निघाला, मग त्याच्या पलीकडच्या. वरच्या टोकाच्या जवळजवळ सगळ्या गच्च्यांच्या कोपऱ्यांतून धूर येत होता.

मी जिना उतरून मामांकडे गेले. मामा आरामखुर्चीत बसले होते आणि मामी दारात उभ्या होत्या. मामांनीच सुरुवात केली. त्यांच्या गच्चीचं पाणी पूर्वी पन्हाळीतून शेजारच्या भिंतीवर पडायचं आणि दर पावसाळ्यात त्यावरून भांडण व्हायचं. सीवर आल्यावर प्लंबर म्हणाला, एवढा मोठा पाइप पडलाय, त्यातच सोडून देऊ, शेजाऱ्याची भिंत वाचेल. मामांना ते इतकं आवडलं की त्यांनी सगळ्या वरच्या गल्लीला सांगितलं. इंजिनिअर मॅडमचे मामा सांगतात म्हटल्यावर कुणी शंका घेतली नाही. वाईट काही करायचं कुणाच्याच मनात नव्हतं. एका भांडणाचा शेवट करायला गेले आणि ते भांडण उतारावरून दुलारीबाईंच्या खोलीत गेलं.

मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, की ठीक आहे, काढून टाकू, पण आधी बाकीच्यांना नोटिसा दे, माझं मागून गुपचूप करून घेतो. मोर्चा त्यांनी काढला होता. साहेबांसमोर ते बोलले होते.

"मामा, पहिली नोटीस तुमच्याच घराची निघन," मी म्हणाले.

"माहीच काहून?"

"तुमचं पाहून सगळ्याईनं जोडलं. तुमचं पाहूनच तोडतीन."

मामा उठले आणि आतल्या खोलीत गेले. मामी मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. दुसऱ्या दिवशी मनराखन नोटीस घेऊन गेले. मामांनी सही करून ती घेतली आणि त्यांना पाणीही विचारलं, असं मनराखननी मला सांगितलं. पण माझ्याशी मामा बोलायचे थांबले. आमच्याकडे गौरी-गणपतीचं जेवण होतं, मामी आल्या, मामा आले नाहीत. आई मला म्हणाली की तू बरोबर केलंस. मग जरा वेळानं म्हणाली, पण पहिली नोटीस नसती दिली तर काय बिघडलं असतं? दोन्ही वाक्यं तिनं मनापासून म्हटली होती.

ऑफिसात मला शाबासकी मिळाली, लाइन उकरायचं रद्द झालं. ठेकेदाराच्या सुपरवायझरनं मला नारळ आणून दिला. मला त्यातलं काही गोड लागलं नाही. नोटिसा गेल्या होत्या, पण वरच्या गल्लीत एकानंही पाइप तोडला नव्हता. सगळे मामांच्या घराकडे बघत होते आणि मामा दार लावून बसले होते. निगमची माणसं पाठवून तोडता आलं असतं, तसा अधिकार होता. मी ते एकेक दिवस लांबवत होते. आभाळ भरून यायचं आणि मला दुलारीबाईंची मोरी दिसायची.

पुढचं मला मामींनी नंतर सांगितलं. त्या दुलारीबाईंकडे बडी आणायला म्हणून गेल्या होत्या. येताना रिकाम्या हातानं आल्या आणि मामांना म्हणाल्या, "त्या बाईकडे यंदा विकायला काहीच नाही. तुम्ही एकदा जाऊन या." मामा दोन दिवस गेले नाहीत. मग एका दुपारी छत्री घेऊन गल्ली उतरले. दुलारीबाईंच्या खोलीत भिंतीवर पाण्याची काळी रेघ राहिली होती. मामा त्या रेघेकडे बघत उभे होते. बाईंना ठाऊक होतं हे कोण आणि गच्ची कुणाची. पाऱ्यात अशी गोष्ट लपत नाही. त्यांनी मामांना खाट झाडून बसायला दिली आणि चहा केला. मामांनी तो प्यायला. माफी वगैरे मागितली नाही. मामांच्या पिढीतल्या पुरुषांना ते जमायचं नाही. निघताना म्हणाले, "दीदी, ये दोबारा नहीं होगा." आणि वर आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच प्लंबर मामांच्या दारात होता. मामांनी त्याला गल्लीच्या बाजूनं, सगळ्यांना दिसेल असा पाइप कापायला लावला. पाणी भिंतीच्या कडेनं खाली आणून नालीत सोडायचा दुसरा पाइप टाकला, शेजाऱ्याची भिंत चुकवून. मग पायजमा-सदरा घालून ते पुन्हा घरोघर निघाले. जोडायला सांगताना होता त्याच्या दुप्पट जोर तोडायला सांगताना होता. जे टाळाटाळ करत होते त्यांना ते हात धरून दुलारीबाईंची भिंत दाखवायला नेत. शेवटी शेवटी त्या बाई कंटाळल्या. मनराखनजवळ तक्रार केली, की रोज कोणी ना कोणी मोठा माणूस येतो, माझी भिंत बघतो आणि चहा पिऊन जातो, माझी साखर संपली. मनराखननी ते मला हसत सांगितलं. मी एक पिशवी साखर पाठवली, तर दुसऱ्या दिवशी कळलं की मामींनी आधीच पाठवली होती.

बिजौरीचं जे गेलं ते गेलं. त्या वर्षी दुलारीबाईंनी गोल बाजारातल्या एका दुकानात डाळ निवडायचं काम केलं. पुढच्या उन्हाळ्यात मामांच्या गच्चीवर त्यांच्या बिजौऱ्या वाळत होत्या, कारण खालच्या गल्लीत तेवढं ऊन यायचं नाही. त्याबद्दल मामा कुणाशी बोलत नसत. मामी मात्र सगळ्यांना सांगत की आमच्याकडे आता कावळे हाकायची ड्यूटी रिटायर्ड मोठ्या बाबूंकडे आहे.

मला एक खंत आहे ती इथंच सांगून टाकते. ती लाइन मी असेपर्यंत त्या पाऱ्याच्या बाहेर फारशी गेली नाही. राजधानीला रुंद रस्ते लागले, चौक लागले, दिवे लागले. नवं गाव दूर माळावर वसायला लागलं आणि सगळ्यांची नजर तिकडे गेली. जुन्या वस्तीच्या खाली काय आहे ते बघायला कोणाला वेळ नव्हता. रस्त्यावर काही बांधलं तर फीत कापता येते, जमिनीखाली बांधलं तर नाही. मी पुष्कळ प्रस्ताव पाठवले. पुढं माझी बदली कचरा उचलण्याच्या विभागात झाली आणि तिथल्या गोष्टी वेगळ्या. पण तो एक पारा नीट वाहतो आहे हे मला रिटायर झाल्यावरही आतून पुरतं.

त्याच पावसाळ्यातलं एक राहिलं. सगळे पाइप तोडून झाले होते, पण मोठा पाऊस आला नव्हता. माझं म्हणणं खरं होतं की नाही, हे त्याच्याशिवाय कळणार नव्हतं. नवरात्राच्या तोंडावर एका दुपारी तो आला. ऑफिसच्या खिडकीतून समोरची इमारत दिसेनाशी झाली. मी रेनकोट चढवला आणि स्कूटी काढली. गल्लीच्या तोंडाशी ती बंद पडली, म्हणून तिथंच लावून धावत खाली गेले. उघडी नाली दुथडी भरून तलावाकडे पळत होती, गच्च्यांवरचे नवे पाइप तिच्यात धो धो ओतत होते. दुलारीबाईंचं दार उघडं होतं.

बाई खाटेवर बसल्या होत्या. आणि मोरीच्या तोंडाशी, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून, पाटावर मामा बसले होते. अंग ओलंचिंब. हातात टॉर्च, तिचा झोत मोरीच्या जाळीवर. माझी चाहूल लागली तरी त्यांनी मान वळवली नाही. मी त्यांच्या मागं जाऊन उभी राहिले. बाहेर एवढा आवाज होता की आत कोणी काही बोललं असतं तरी ऐकू आलं नसतं. आम्ही तिघंही त्या जाळीकडे बघत होतो. जाळी कोरडी नव्हती, पण पाणी वर येत नव्हतं. दुलारीबाईंनी उठून घागरीतलं पाणी मोरीत ओतलं. ते गोल फिरलं आणि गटगट करत खाली गेलं.

पाऊस ओसरायला लागला तेव्हा मामांनी टॉर्च बंद केली.

"जाऊन राहिलं," ते म्हणाले.

चाचणीच्या दिवसानंतर मामा माझ्याशी बोललेले ते पहिले शब्द. "हो, जाऊन राहिलं," मी म्हणाले. ते उठायला लागले, तर गुडघा आखडला होता. मी हात दिला आणि त्यांनी तो धरला.